थोरलीचा आवाज विरेपर्यंत

माझं लग्न ठरलं तेव्हा भावाने विचारलं, सासरचे करतात काय? मी म्हटलं, घंटा वाजवतात. तो इतका हसला की खुर्चीवरून पडायचाच बाकी राहिला. पण मी थट्टा करत नव्हते. सासरे काचेच्या दुकानात काचा कापायचे, सासूबाई शिलाई मशीन दुरुस्त करायच्या, नवरा ट्रक चालवायचा, पण ही झाली पोटापाण्याची कामं. जीव होता तो घंटांमध्ये. सासू-सासरे दोघंही एका घंटावृंदात होते आणि लग्नाला वर्ष व्हायच्या आत त्यांनी मलाही त्यात ओढलं. नवरा शहाणा. तो कायम रस्त्यावर.

घंटावृंद म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. या हातात धरून वाजवायच्या घंटा. काशाच्या, कातडी मुठीच्या. सगळ्यात लहान अंड्याएवढी, सगळ्यात मोठी बादलीएवढी. प्रत्येक घंटेचा एकच सूर, आणि एकेका माणसाकडे दोन, फार तर चार घंटा. आपला सूर आला की वाजवायची आणि लगेच छातीशी दाबून गप्प करायची. सूर नसेल तेव्हा मुकाट उभं राहायचं. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला ही शिक्षाच, पण का कोण जाणे, मला मानवली. हातात मोजे घालावे लागतात, कारण उघड्या हाताचा घाम लागला की काशावर डाग पडतो. घंटेवर बोटाचा ठसा दिसला की सासूबाई असं काही बघायच्या की त्यापेक्षा शिव्या परवडल्या.

आणि आम्ही वाजवायचो काय, तर रॉक. ही मास्तरांची कल्पना. मास्तर दिवसा लोकांना मोटार चालवायला शिकवतात, त्यामुळे ताल देताना त्यांचा उजवा पाय सारखा ब्रेक दाबत असतो. पूर्वी वृंद गोड गोड, झोप आणणारं काहीतरी वाजवायचा आणि ऐकायला फक्त आमचेच नातेवाईक यायचे, तेही दाराजवळ बसायचे. मास्तरांनी गिटारवाल्यांची दणकेबाज गाणी घंटांवर उतरवली. टेबलावर जाड फोम अंथरलेला असतो, त्यावर घंटा आपटली की ढोलासारखा ‘ठप्’ येतो. वर लहान घंटांची किणकिण, मध्ये आपटाआपटी आणि खाली मोठ्या घंटांचा खर्ज. हा खर्ज सासऱ्यांचा. सगळ्यात मोठ्या घंटेला आम्ही थोरली म्हणायचो. ती वाजली की बाकावर बसलेल्या माणसाला पाठीतून कळायचं. तरुण पोरं ऐकायला यायला लागली, उभं राहून ओरडायला लागली, आणि सासरे काच कापणारे न राहता एकदम कोणीतरी झाले. बसमध्ये पोरं त्यांना हात करायची. घरी येऊन ते सांगायचे, “आज दोघांनी ओळखलं,” आणि सासूबाई म्हणायच्या, “उधारी मागायला आले असतील.”

आता आमचा नियम. दर वर्षी कार्यक्रमांच्या आधी निवड होते. सगळ्या घंटा घासून पुसून टेबलावर ओळीने मांडतात. ज्याला जी हवी ती त्याने उचलायची, एकच टोला द्यायचा आणि हात हवेत तसाच धरून आवाज पूर्ण विरेपर्यंत थांबायचं. दाबायची नाही. घंटा वाजत असेपर्यंत कोणी हलायचं नाही, बोलायचं नाही. आवाज नितळ विरला तर घंटा वर्षभर तुमची, मग तिला दुसऱ्याने हात लावायचा नाही. आत लोंबणारा लोलक पुन्हा कडेला लागला, टिक झालं, तर कोणी काही बोलायचं नाही. तुम्हीच घंटेचं तोंड स्वतःकडे करून ती खाली ठेवायची. त्याचा अर्थ, मी सोडली. वृंद सुरू करणारा म्हातारा म्हणायचा म्हणे, घंटा वाजवायला गाढवालाही येतं, गप्प धरता आली पाहिजे.

आणि सासऱ्यांचा हात थरथरायला लागला होता.

पहिल्यांदा काचेवर कळलं. काच कापायच्या हिरकणीने रेघ मारताना हात ठीक असायचा, पण रेघ संपून हात स्थिर झाला की बोटं आपली आपण नाचायला लागायची. हा आजारच असा उफराटा. काम करताना हात शहाणा, विसावला की येडा. दोन मोठ्या काचा हातातून सुटल्या आणि मालकाने त्यांना गल्ल्यावर बसवलं. मग दाढी गेली, ती सासूबाई करायला लागल्या. मग शर्टाची बटणं गेली. चहाचा कप अर्धाच भरायचा हे घरात कोणी न सांगता ठरलं. मी औषधाच्या दुकानात काउंटरवर असते, त्यांच्या गोळ्या मीच आणायचे. या गोळ्यांनी थरथर कमी होते, आजार मागे फिरत नाही, हे मला दुकानात बसून कळलं होतं. घरी ते सांगायला माझ्यासारखीचीही जीभ रेटली नाही.

थोरली मात्र राहिली होती. जड घंटा जोरात फिरवताना हात नीट चालायचा. आदल्या वर्षीच्या निवडीत तिचा आवाज विरता विरता अगदी शेवटी एक टिक झालं. सगळ्यांनी ऐकलं, आणि सगळे खिडकीबाहेर बघायला लागले. सासरे म्हणाले, “बाहेर गाडीचं दार वाजलं का?” मास्तर म्हणाले, “हो, वाजलं.” असं एकदा दार वाजू शकतं. दर वर्षी नाही वाजत.

त्यातून या वर्षी बेकरीत पीठ मळणाऱ्या मैद्याने थोरलीवर नजर ठेवली होती. मैदा हे त्याचं आम्ही ठेवलेलं नाव. मनगटं खांबासारखी, स्वभाव गाईसारखा. तो घरी येऊन सासऱ्यांना सांगून गेला, “दादा, तुमची सुटली तरच. नाहीतर मी आहे तिथे बरा आहे.” सासऱ्यांनी त्याला हसून चहा पाजला. तो गेल्यावर बराच वेळ ते उजवा हात मांडीखाली दाबून बसले.

“पोरी,” मला म्हणाले, “काच गेली तेव्हा मला वाटलं, जाऊ दे, पोटाचा धंदा होता. पण थोरली गेली तर मी सकाळी उठू कशाला, हे तूच मला सांग.”

मी म्हटलं, “गोळ्या घ्यायला.” ते हसले. मी आत जाऊन भांडी आपटली, कारण मला रडू येत होतं.

निवडीच्या आधी घंटा सफाईसाठी आमच्या घरी येतात. मशीनच्या कामामुळे सासूबाईंचा हात बारीक कामाला सरावलेला, म्हणून घंटांची देखभाल पहिल्यापासून त्यांच्याकडे. त्या दुपारी मी दुकानातून लवकर आले. सासरे झोपले होते. स्वयंपाकघरात सासूबाई फरशीवर बसल्या होत्या, मांडीत थोरली आडवी घेऊन, आणि त्यांचा हात कोपरापर्यंत तिच्या पोटात गेला होता.

“काय करताय?”

“स्प्रिंग पिळतेय.”

लोलकाच्या दोन्ही अंगांना स्प्रिंग असतात. स्क्रू सैल असला की मनगटाच्या झटक्यानेही घंटा बोलते. पिळला की लोलक जखडतो आणि बोलायला जोर लागतो. एवढं मलाही माहीत होतं. सासूबाईंनी स्क्रूड्रायव्हर बाहेर काढला, थोरली उभी धरली आणि हात मुद्दाम थरथरवला. आवाज नाही. आणखी थरथरवला. थोरली मुकी.

“बाबांना कळेल ना.”

“कळायला त्यांच्या हातात स्क्रूड्रायव्हर टिकायला हवा.”

“आई, ही चोरी आहे.”

“चोरी दुसऱ्याच्या वस्तूची असते. ही त्यांचीच आहे.” त्यांनी मोज्याने घंटेवरची धूळ पुसली. “काच गेली, मी गप्प बसले. मी त्यांची दाढी करते, ते डोळे मिटून घेतात, मी गप्प बसते. ही मी जाऊ देणार नाही. बघितलंस ना? आता तोंड शिव.”

मी थोरली उचलून बघितली. अडकलेलं दार ओढावं तसा झटका दिला तेव्हा कुठे ती बोलली. मी म्हटलं, इतका जोर त्यांना रोज कसा जमेल? सासूबाई म्हणाल्या, “जोराचं काय, जोर आहे त्यांच्यात. जोराचं रडगाणं कधी होतं?” हे खरंच होतं. हात थरथरायचा, पण त्याच हाताने ते गच्च बसलेलं बरणीचं झाकण एका पिळात काढायचे.

निवडीच्या दिवशी सासरे पहिले उठले. मी त्यांना मोजे घातले. त्यांनी थोरली उचलली, एक टोला दिला, आणि खोली भरून गेली. मग ते हात वर धरून उभे राहिले. हात थरथरत होता, शर्टाची बाही थरथरत होती, सगळ्यांना दिसत होतं. आणि थोरलीचा आवाज मात्र तेलाच्या धारेसारखा बारीक होत होत, नितळ, कुठेही न अडखळता विरला. कोणी टाळ्या वाजवत नाही आमच्यात, पण त्या दिवशी मैद्यानेच पहिल्या वाजवल्या. सासरे सासूबाईंकडे बघून लहान पोरासारखे हसले. “बघितलंस? अजून ऐकते माझं.” सासूबाई म्हणाल्या, “न ऐकून सांगते कुणाला.” मी माझ्या दोन घंटा घेतल्या आणि कोपऱ्यात जाऊन उभी राहिले. मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. स्प्रिंगचं माहीत होतं तरी झाला होता.

त्या वर्षीचं मुख्य गाणं आम्ही ‘हातोडा’ म्हणायचो. त्याची सुरुवात थोरली एकटी करते. अंधारात एकामागून एक टोले, मध्ये काहीच नाही, आणि मग सगळे एकदम कोसळतात. तालमीत पहिले काही दिवस सासऱ्यांनी दणका उडवला. मग ते घरी येऊन मनगट चोळायला लागले. मग कोपर सुजलं. जोरात फिरवलेली घंटा छातीशी आणून दाबायची, तिथे खांद्याखाली काळंनिळं झालं. सासूबाई तेल लावायच्या.

“अगं, थोरली जड झाली का?” त्यांनी एकदा विचारलं. “स्प्रिंग बघितलीस का?”

“बघितली,” सासूबाई म्हणाल्या. “ठीक आहे.”

तीस-पस्तीस वर्षं ज्या बाईने घंटांची देखभाल केली तिच्या शब्दावर कोण शंका घेईल? त्यांनी घेतली नाही. त्यांनी पाण्याचा कॅन उचलून व्यायाम सुरू केला. सकाळी गॅलरीत तो कॅन वर-खाली, वर-खाली, आणि पाणी सगळीकडे. हातात होता तो जोर त्यांना पुरेनासा वाटायला लागला होता. मी सासूबाईंना बाजूला घेऊन म्हटलं, थोडी तरी सैल करा. त्या म्हणाल्या, “सैल केली की तालमीत सगळ्यांसमोर टिकटिक करेल. मग?” इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये माझे सासरे पाण्याचा कॅन घेऊन.

कार्यक्रम एका जुन्या सिनेमागृहात होता. पडदा कधीच गेलेला, खुर्च्यांचा रंग उडालेला, पण पोरं खच्चून भरली होती. दिवे गेले. मास्तरांनी हात वर केला. मी पलीकडच्या टोकाला होते, तिथून मला सासऱ्यांची पांढऱ्या हातमोज्यातली मूठ तेवढी दिसत होती.

पहिला टोला पडला तेव्हा पोरं ओरडली. दुसरा, तिसरा. चौथ्याला मूठ वर गेली, खाली आली, आणि काहीच झालं नाही. लोलक कडेपर्यंत पोचलाच नाही. नुसती बादलीएवढी घंटा हवेत फिरली. कोणीतरी हसलं. त्यांना वाटलं गंमत आहे. पुढचा टोला वाजला, अर्धवट, खोकल्यासारखा. त्यापुढचा पुन्हा मुका. आता पुष्कळ जण हसत होते, आणि एकाने तोंडाने ‘ढाँऽऽ’ असा आवाज काढून ती जागा भरली. सासऱ्यांनी दोन्ही हातांनी मूठ धरली, सगळं अंग घालून घंटा फिरवली. मुकी.

मग त्यांनी थोरली टेबलावर ठेवली. तोंड स्वतःकडे करून.

बाजूलाच मैदा उभा होता. त्याचा हात पुढे आला आणि अर्ध्यावर थांबला, दुसऱ्याच्या घंटेला हात लावायचा नाही म्हणून. मास्तरांचा पाय ब्रेक दाबून राहिला. मग आम्ही सगळे कोसळलो, जसं ठरलं होतं तसे, आणि सगळा ‘हातोडा’ खर्जाशिवाय वाजवला. खालची बाजू नसलेलं ते गाणं मी कधी विसरणार नाही. सासरे शेवटपर्यंत हात पाठीमागे घेऊन उभे होते. त्यांच्या शेजारी सासूबाई आपल्या घंटा अचूक वाजवत होत्या. एकही सूर चुकला नाही त्यांचा. त्याचा मला तेव्हा इतका राग आला की दोन सूर माझेच चुकले.

घरी येताना सासरे म्हणाले, “हात थरथरतो त्याचं मला काही नव्हतं गं. जोर होता तोवर मी उभा होतो. तोही गेला, आणि मला कळलंही नाही कधी गेला.”

सासूबाईंनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता सांगतील. त्या म्हणाल्या, “पायरी आहे. जपून.”

त्यानंतरचं वर्ष मी कसं सांगू? एखादं घर रिकामं करतात तसं झालं. आधी पाण्याचा कॅन कोपऱ्यात गेला. मग बाजारात जाणं गेलं. “जोर नाही,” म्हणायचे. अंघोळीला उठा म्हटलं, जोर नाही. मुलगा आलाय, बाहेर येऊन बसा, जोर नाही. बरणीचं झाकण माझ्या हातात बघून त्यांनी मान दुसरीकडे वळवली. आणि माणूस बसला की खरंच बसतो. पाय बारीक झाले, खांदे पडले. डॉक्टर म्हणाले, आजार इतका पुढे गेलेला नाही, यांना हिंडतं ठेवा. कसं ठेवणार? घास भरवायला लागलो. नवरा ट्रक घेऊन आला की दारातच विचारायचा, बाबा कसे आहेत, आणि उत्तर ऐकायच्या आधीच चपला काढायला खाली वाकायचा.

मी सासूबाईंशी भांडले. आयुष्यात इतकी कधी कोणाशी भांडले नाही.

“सांगा त्यांना! जोर गेला नव्हता म्हणावं, स्प्रिंग होती.”

“आणि मग? स्प्रिंग का, म्हणून विचारतील. तेव्हा काय सांगू? तुम्ही निवडीत हरणारच होता, मी तुम्हाला खोटं जिंकवलं? सगळ्यांसमोर हसलात ते फुकटचं हसलात?” त्या भाजी चिरत होत्या आणि चिरायच्या थांबल्या नाहीत. “आज ते स्वतःला म्हातारा समजतात. सांगितलं तर मूर्ख समजतील. आणि मला काय समजतील ते तू मला सांगू नकोस.”

“त्यापेक्षा हे बरं आहे? बसून बसून मरताहेत ते!”

“ओरडू नकोस,” त्या म्हणाल्या. “ऐकू जाईल.”

पुन्हा निवड आली. सफाईला घंटा घरी आल्या तेव्हा सासूबाईंनी थोरली उघडली आणि स्प्रिंग होती तशी करून ठेवली. मैद्याच्या हातात जखडलेली घंटा देणं त्यांच्या हातून होणारं नव्हतं. नवऱ्याशी खोटं बोलल्या, पण कामाशी नाही बोलल्या. मी बघत होते. या वेळी त्यांनी मला तोंड शिवायलाही सांगितलं नाही.

मास्तर स्वतः गाडी घेऊन आले. “दादांना बसून ऐकू दे,” म्हणाले. सासरे नको म्हणायलाही कंटाळले होते, म्हणून आले. त्यांना टेबलाच्या टोकाला खुर्चीत बसवलं. उजवा हात मांडीवर नाचत होता, आता तो कोणी झाकत नव्हतं.

मैद्याने थोरली उचलली. संकोचाने त्याने सासऱ्यांकडे बघितलं आणि अगदी हळू, नुसत्या मनगटाने झटका दिला. परक्याच्या दारावर टिचकी मारावी इतकाच.

थोरली दणाणली. आम्ही सगळे ऐकत उभे होतो. मी मात्र सासऱ्यांकडे बघत होते. त्यांची नजर मैद्याच्या मनगटावर होती. वर्षभर झाकोळलेले ते डोळे आता काच कापताना असायचे तसे झाले होते. आवाज विरला, नितळ. घंटा मैद्याची झाली.

“इकडे आण,” सासरे म्हणाले.

दुसऱ्याच्या घंटेला हात लावायचा नाही, हा नियम सगळ्यांना ठाऊक होता. मैद्याने मास्तरांकडे बघितलंही नाही. तो आला, गुडघ्यावर बसला. मी सासऱ्यांच्या हातात मोजा चढवला. त्यांनी डावा हात कोपराखाली धरला आणि थोरली उचलली, आणि उजव्या मनगटाने तसाच झटका दिला. टिचकीएवढा.

ती वाजली. गच्च भरून, पाठीतून कळेल अशी वाजली. आणि त्यांच्या तोंडावर जे आलं ते मी निवडीच्या त्या दिवसानंतर बघितलं नव्हतं. एक क्षणभर ते आलं.

मग टिक झालं.

मग पुन्हा. मग टिकटिक, टिकटिक, न थांबता, आणि प्रत्येक टिकने आवाज पुन्हा जिवंत होत होता. घंटा वाजत होती म्हणून कोणी बोललं नाही. कोणी हललं नाही. छातीशी दाबली असती तर ती थांबली असती. त्यांनी दाबली नाही. ते घंटा तशीच धरून बसले आणि सासूबाईंकडे बघत राहिले, आणि त्यांना सगळं कळलं, मागच्या निवडीत थोरलीचं टिक का झालं नाही आणि सिनेमागृहात का मुकी झाली, दोन्ही एकदमच. मला त्या खोलीतून पळून जावंसं वाटत होतं. पण घंटा वाजत होती.

सासूबाई पुढे आल्या. त्यांनी मोजे काढून ठेवले होते. त्यांनी उघडा तळहात थोरलीच्या अंगावर दाबून ठेवला, आणि आवाज मेला.

“म्हणजे जोर होता,” सासरे म्हणाले.

“होता,” सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी बराच वेळ आपल्या बारीक झालेल्या दंडाकडे बघितलं. मग थोरली मैद्याला दिली. मोजा काढायला हात माझ्यापुढे केला. सासूबाईंचा हात जिथे होता तिथे काशावर पाचही बोटांचा ओला ठसा उमटला होता.

“पूस ते,” सासरे बायकोला म्हणाले. “डाग राहील.”

सासूबाईंनी फडकं घेतलं आणि पुसायला लागल्या. ठसा गेला तरी त्या पुसतच होत्या, आणि रांगेतला पुढचा माणूस आपली घंटा न उचलता थांबून राहिला.